मैनेसाठी घातलेलं गाऱ्हाणं

वालावलच्या भिकाजी राऊळाला लोक 'प्राणीबाग भिकाजी' म्हणत, आणि त्याला त्याचा रागबिग येत नसे. उलट कोणी नुसतं 'भिकाजी' म्हटलं, तर हा माणूस आपल्याला विसरला की काय, अशी त्याला शंका यायची. काजूची थोडी बाग, तळ्याकाठचं भातशेत, दोन म्हशी आणि सीता नावाची तोंडाळ पण मायाळू बायको, एवढा त्याचा संसार. पण भातकापणी आटपली की ह्या गृहस्थाच्या पायाला भिंगरी लागायची. गावातली माणसं गोळा करायची, मालवणच्या आंतोनची मिनीबस ठरवायची आणि घाटावरच्या शहरातली प्राणीबाग गाठायची. दरवर्षी! तीच बाग, तेच पिंजरे, तोच पेंगुळलेला वाघ. अहो, माणसं काशीला जातात तीसुद्धा एकदाच.

खरं कारण वाघ नव्हताच. खरं कारण होतं मैना. मैना म्हणजे पाणघोडी. भिकाजी ऐन तरुण असताना काजू घेऊन ट्रकबरोबर घाटावर गेला होता. तिथे ट्रक बिघडला आणि वेळ काढायला म्हणून हा बागेत शिरला. हौदात आईच्या पाठीला चिकटून एक काळंगुळगुळीत पिल्लू होतं. त्याने भिकाजीकडे बघून असा काही जबडा उघडला, की हा जागच्या जागी विरघळला. पुढे लग्न झाल्यावर नव्या नवरीला त्याने पहिल्यांदा घाटावर नेलं, ते देवीच्या देवळात नव्हे, तर मैनेच्या हौदावर. सीता ती गोष्ट अजून विसरलेली नाही. "लगीन झाल्या-झाल्या माझी सवत दाखवल्यान माका," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.

मैनेची आई केव्हाच गेली. मैना त्या हौदात एकटीच म्हातारी होत चालली होती. आणि भिकाजीही इकडे म्हातारा होत होता.

आता ह्या सुखात मिठाचा खडा टाकायला बाहेरचं कोणी आलं नाही, घरचंच माणूस आलं. भिकाजीची सख्खी भाची, स्वप्ना. कुडाळला ती आणि तिचे मित्र जखमी कुत्री, विहिरीत पडलेले साप, जाळ्यात अडकलेली कासवं यांची देखभाल करायचे. त्याबद्दल भिकाजीला तिचा केवढा अभिमान! पण त्याच पोरांनी घाटावरच्या लोकांशी हातमिळवणी करून मागणी केली, की मैनेला त्या हौदातून काढा आणि राज्याच्या सीमेपलीकडे एका संस्थेचं मोठं तळं आहे तिथे नेऊन सोडा. तिथे बंद पडलेल्या एका सर्कशीतला पाणघोडा आधीच आणून ठेवला होता. पण त्या तळ्यावर बघ्यांना मज्जाव. म्हणजे मैना गेली ती कायमची गेली.

स्वप्ना मामाकडे जेवायला आली की सीतेच्या चुलीपुढे नुसती धुमश्चक्री.

"मामा, तुमका कोणी जन्मभर न्हाणयेत कोंडून ठेवला तर?"

"जेवण वेळेर मिळतला काय? मिळतला तर माका चलात," भिकाजी बांगड्याचा काटा काढत म्हणायचा.

"माका पण चलात," सीता मध्येच. "भायेरसून कडी मी घालतंय."

पण भिकाजीला नुसती थट्टाच येत होती असं नाही. एकदा तो ताट बाजूला सारून म्हणाला, "तू शिकलंस, तुका सगळा कळता. पण माका सांग गो, माणसान जनावर डोळ्यान बघलाच नाय, तर तेची माया खंयसून येतली? आदी गवे शेतात इले की हो गाव दगड घेऊन धावायचो. आता थाळये वाजवून परतवतत. कित्याक? माझ्यावांगडा बाग बघून इलेत म्हणान. गव्याचा डोळा जवळसून बघलेला माणूस दगड मारूचा नाय."

 त्यावर स्वप्ना रागाने भात जास्तच जेवली.

शेवटी घाटावरच्या महापालिकेने ठरवलं, की बागेतच एक बैठक घ्यायची, नेहमी येणाऱ्या लोकांचं म्हणणं ऐकायचं आणि मग काय तो निर्णय करायचा. भिकाजीच्या अंगात वारं शिरलं! त्याने आंतोनला फोन केला, बस भरली, आणि सगळ्यांना पढवून ठेवलं, की बैठकीत एका सुरात सांगायचं, मैना खंय जावची नाय. निघायच्या सकाळी बघतो तर काय, बसच्या दारात स्वप्ना. तिच्या मित्रांची गाडी आदल्या संध्याकाळीच पुढे गेली होती आणि तिची एसटी चुकली होती.

"मामा, जागा आसा?"

"माझ्याच गाडयेत बसान माझ्याच विरुद्ध बोलूक जातंस? बस, बस. खिडकी घे. तुका गाडी लागता."

आमच्याकडे गाडी निघायची म्हणजे गाऱ्हाणं आलंच. चाकापुढे नारळ धरायचा, देवाला हाक मारून काय हवं ते मागायचं, आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून हुंकार द्यायचा. गाऱ्हाणं घालण्यात भिकाजीचा हात धरणारा पंचक्रोशीत नाही. आवाज घंटेसारखा आणि शब्द बापाकडून आलेले. आंतोन क्रॉसची खूण करून घ्यायचा आणि मग हुंकार सगळ्यांत मोठ्याने तोच द्यायचा. आणि एक गोष्ट गावात लहान मुलाला ठाऊक: गाऱ्हाणं एकदा घातलं, माणसांनी हुंकार दिला, की ते मागे घेता येत नाही. भिकाजीनेच कितीतरी भांडणं ह्या नियमावर मिटवली होती.

"बा देवा म्हाराजा!" भिकाजीने सुरुवात केली.

"व्हय म्हाराजा!"

"आज ही तुझी लेकरा घाटार चललीत, तेंका सांभाळून ने, सांभाळून हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जो कोण आडलेलो आसात तेका वाट दी, जो कोण बांधलेलो आसात तेका सोडव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आणि ह्या खेपेला सगळ्यांत मोठा आवाज आंतोनचा नव्हता, स्वप्नाचा होता.

पुढचं वाक्य भिकाजीने रात्रभर घोकून ठेवलं होतं. मैना आमच्यापासून दूर जाव नये रे म्हाराजा. त्याने तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. 'बांधलेल्याला सोडव' हे बापाच्या ठेवणीतलं वाक्य सवयीने जिभेवरून घरंगळून गेलं होतं, आणि अख्ख्या गाडीने त्यावर शिक्का मारला होता. आता एकाच नारळावर 'बांधलेल्याला सोडव' आणि 'मैनेला बांधून ठेव' कसं मागणार? देव काय खुळा आहे? भिकाजीने काहीतरी पुटपुटत नारळ फोडला आणि गुपचूप जागेवर जाऊन बसला.

घाट चढेपर्यंत तो नारळाची भकलं मांडीवर घेऊन बसला होता, प्रसाद वाटायचंही विसरला. आंतोनला काळजी वाटली. "भिकाजी, बाब, पोटात दुखता काय रे?"

आंबोलीला चहाभजीसाठी गाडी थांबली, तेव्हा स्वप्ना कप घेऊन मामाच्या शेजारी येऊन बसली. "मामा, गाऱ्हाणा कोणी घातला?"

"माझ्या बापाशीचा वाक्य ता. दावणीच्या गुरांसाठी."

"देवान इचारल्यान काय, खंयच्या जनावरासाठी म्हणान?"

"मिरचीची भजी खा नि गप बस," भिकाजी म्हणाला. पण त्याची स्वतःची भजी कागदावर तशीच गार झाली.

बागेत पोचल्यावर मात्र त्याच्याने राहवेना. बैठकीला वेळ होता. तो तरातरा हौदाकडे गेला, कठड्यावर ओणवा झाला आणि त्याने नेहमीची हाक दिली, "मैने! गो मैने!" पाणी हललं. आधी दोन इवलेसे कान वर आले, मग डोळे, आणि मग ते अवाढव्य ध्यान भिंतीजवळ येऊन त्याने जबडा उघडला. केवढा उघडला! बसमधली माणसं टाळ्या पिटायला लागली. आणि स्वप्ना? जिने मैनेसाठी एवढं रान उठवलं होतं तिने पाणघोडा आजवर फोटोतच बघितला होता. ती लहान पोरीसारखी किंचाळली आणि तिने मामाचा हात घट्ट धरला.

"मामा! अगो बाये, केवढी आसा ही! दात बघा तिचे! कान बघा, कान!"

"मगे?" भिकाजीची छाती फुगली. "मी काय सांगत होतंय?"

"खरा सांगतंय, बघल्याशिवाय कळला नसता," स्वप्ना डोळे पुसत हसली.

मैनेने जबडा मिटला आणि ती वळली. भिंत आली, परत वळली. पुन्हा भिंत, पुन्हा वळली. वर्षानुवर्षं भिकाजी ही फेरी लोकांना कौतुकाने दाखवत आला होता, 'बघा, कशी फिरान दाखवता.' आज त्याला कौतुक वाटेना. सकाळचं स्वतःचंच वाक्य कानात वाजत होतं. शेजारी स्वप्ना बोटांवर मैनेच्या फेऱ्या मोजत होती, आणि तेच त्याला जास्त लागलं. बोलली असती तर निदान भांडता आलं असतं.

बैठकीत महापालिकेच्या साहेबांनी नाव पुकारलं तेव्हा तो उभा राहिला. कचेरीतली मराठी बोलायला लागला. "साहेब, मी भिकाजी राऊळ. मी मैनेला ती एवढीशी होती तेव्हापासून ओळखतो. ती इथून जाऊ नये असं सांगायलाच मी आलो होतो." तिथे त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि कचेरीतली मराठी कुठल्या कुठे पळाली. "पण सायबानु, मी सकाळीच देवाकडे तिची सुटका मागान इलंय. माझ्या तोंडान. आता माका फिरता येवचा नाय. माका लय वायट वाटतला. पण तिका सोडा. तळ्यात जावंदे ती, पाय पसरान पोवूंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खी बस गरजली. सवयीने हो! पढवलेलं सगळे विसरले. साहेबांच्या हातातला चहा सांडला.

मैना गेली. त्या पावसाळ्यात भिकाजी तळ्याकाठी बसून म्हशींचं डुंबणं बघत राहायचा. पण कापणी आटपल्यावर आंतोनची बस पुन्हा दारात आली, आणि ती ठरवली होती स्वप्नाने.

"खंय?" भिकाजीने विचारलं.

"तळ्यार. आत सोडूचे नायत. भायेरसून जावन येव."

सीमेपलीकडे उसाच्या शेतांमधून रस्ता गेला, आणि त्याच्या टोकाला एक उंच भिंत आली. दारावरच्या राखणदाराने हात जोडून नाही म्हटलं. आंतोनने इंजिन बंद केलं. भिकाजी भिंतीशी गेला, तोंडाभोवती हात धरले आणि जुनी हाक दिली. "मैने! गो मैने!"

काही नाही. वारा तेवढा.

"येता काय माझी सवत?" सीता म्हणाली, पण तिनेही भिंतीला कान लावला. भिकाजीने पुन्हा हाक मारली.

आणि भिंतीपलीकडून आवाज आला. जाड, घोगरा, पोट धरून हसल्यासारखा, हँ हँ हँ हँ! इतकी वर्षं झाली, पण मैनेचा आवाज भिकाजीने कधी ऐकलाच नव्हता. आई गेल्यावर हौदात तिच्या जातीचं साद घालायला होतं कोण? तो डोळे विस्फारून उभा राहिला. तेवढ्यात दुरून, तळ्याच्या पार त्या टोकाकडून, तसलाच दुसरा आवाज उत्तर देत आला. मग दोघं मिळून असे काही खिदळायला लागले, की राखणदारही हसला.

"ऐकलंस मां गो!" भिकाजीने स्वप्नाचे दोन्ही खांदे धरून तिला गदागदा हलवलं. "माझी हाक ओळखल्यान! माकाच ओ दिल्यान तिना!"

पाणघोडे एकमेकांना कसे साद घालतात, हे स्वप्नाला चांगलं ठाऊक होतं. ती सांगायला तोंड उघडणारच होती. तिने मामाच्या चेहऱ्याकडे बघितलं, ओढणी सारखी केली आणि भिंतीकडे तोंड करून बेंबीच्या देठापासून ओरडली, "व्हय म्हाराजा!"