तीनच म्हण

माझ्या पासपोर्टच्या पाकिटात जाड कागदाचं एक कार्ड आहे. त्यावर एक ते एकशे आठ आकडे छापलेत आणि प्रत्येक आकड्यावर हिरव्या स्केचपेनने फुली मारलेली आहे. फुल्या माझ्या मुलीच्या. तेव्हा ती सात वर्षांची होती. हे कार्ड घरी आणायला नको होतं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत राहिलो. पण वाईट व्हायचं ते त्याआधीच झालं होतं.

आम्ही मूळचे परभणीकडचे, बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव टोपलीत घालून नदीत सोडले. टोपलीची दुसरी बाजू धरायला माझे वडील होते, पाच-सहा वर्षांचे. पुढे ते रेल्वेच्या पार्सल ऑफिसात लागले, हैदराबादला आले, मलकपेठमध्ये दोन खोल्या घेतल्या आणि मला इंजिनियर केलं. टोपली सोडली त्या दिवसानंतर ते कधी देवळात गेले नाहीत. त्याचा गाजावाजाही त्यांनी केला नाही. आई गेल्यावर घरात ते, मी, बायको आणि मुलगी असे आम्ही चौघे राहायचो.

मला जर्मनीत नोकरी मिळाली. बायको-मुलीला नेता येत होतं. आईवडील नियमात बसत नव्हते. एका संध्याकाळी मी हे वडिलांना सांगितलं, तर ते म्हणाले, “बरं.” काही वाट निघते का, हे मी कुणाला विचारलं नाही. तो नियम वाचल्यावर मला आधी हायसं वाटलं होतं. ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही.

व्हिसा मात्र अडकला. तारीख दोनदा पुढे गेली. ऑफिसातला एक पुण्याचा मित्र म्हणाला, “अरे, तलावापलीकडच्या त्या देवळात जाऊन ये ना. अकरा प्रदक्षिणा घालायच्या आणि मागायचं. काम झालं की एकशे आठ. आमचं अर्धं घर तिथूनच परदेशी गेलंय.”

बायको म्हणाली, “जायचंच असेल तर बाबांना सांगून जाऊ. ते अडवणार नाहीत.”

“त्यांना कशाला त्रास?”

“त्रास त्यांना होणारे की तुला?”

मी वडिलांना सांगितलं, दिलसुखनगरला स्वेटर घ्यायला चाललोय. त्यांनी आतून कापडी पिशवी आणून दिली. दुकानात पिशवीचे वेगळे पैसे घेतात म्हणाले. ती रिकामी पिशवी काखेत मारून मी देवाभोवती फिरलो.

गर्दी खूप होती. सगळे भराभर चालत होते. कुणी पाठीवर लॅपटॉपची बॅग घेऊन, कुणी मूल कडेवर घेऊन. मुलगी माझं बोट धरून पळत होती.

“पप्पा, काय बोलायचं?”

“मनात म्हण, आम्हाला व्हिसा मिळू दे.”

“किती?”

“तीन.”

“आजोबांचा?”

“तीनच म्हण.”

आमच्या पुढे चाललेल्या बाईने मागे वळून पाहिलं. तिला मराठी येत असेल असं नाही, पण मी मान खाली घातली. परत येताना दिलसुखनगरला गाडी थांबवून एक स्वेटर घेतला, खोटं खरं दिसावं म्हणून.

दोन आठवड्यांत व्हिसा आला, तिघांचाही. बोललेलं फेडायला मी मुलीला घेऊन पुन्हा गेलो. बायको आली नाही. देवळात आकड्यांचं कार्ड मिळालं, फेरी झाली की एक आकडा खोडायचा. उन्हाळ्यापासून वडील मुलीला मराठी आकडे शिकवत होते. शाळेत तिला इंग्रजी आणि तेलुगू, गल्लीत दखनी. मराठी काय ती घरातली, तीही मोडकीतोडकी, आणि आकडे फक्त आजोबांकडून. ती प्रत्येक फेरी मोठ्याने मोजत होती. आजोबांना यातलं काही सांगू नकोस, असं तिला सांगायची मला लाज वाटली. तेवढी लाज शिल्लक होती.

घरी वडील वालाच्या शेंगा सोलत बसले होते. मुलगी थेट त्यांच्या गुडघ्याशी गेली.

“आजोबा, मी आज एकशे आठपर्यंत मराठीत मोजली. एकोणसाठला पण नाही चुकली.”

“अरे वा. एवढं काय मोजलंस?”

“चक्कर. देवाचे. हे बघा.”

त्यांनी चष्मा लावला आणि कार्ड उजेडाकडे धरलं.

“मागच्या टाइमला अकराच होते,” ती म्हणाली. “मी देवाला चार व्हिसे बोलणार होती. पप्पा बोले, तीनच म्हण.”

तिने ती माझी तक्रार केली होती, बाकी तिच्या मनात काही नव्हतं. स्वयंपाकघरात बायकोने गॅस बंद केला. वडिलांनी कार्ड मुलीच्या हातात दिलं. “एकोणसत्तरची फुली बाहेर गेलीय बघ,” एवढंच म्हणाले. ती खाली खेळायला पळाली.

“बाबा, ऑफिसातले सगळे म्हणत होते म्हणून...”

“देवळात गेलास त्याचं मी काही म्हणत नाही. पंचेचाळिशीच्या माणसाला काय सांगायचं?” त्यांनी पुढची शेंग घेतली. “तीन का म्हणालास?”

“नियमात आईवडील...”

“नियम सरकारचा. मी देव मानत नाही. पण तू मानून गेलास ना? मग तिथं तरी मागायचंस. नसतं मिळालं तर नसतं मिळालं.”

ते शेंगा सोलत राहिले.

निघायच्या दिवशी ते टॅक्सीपर्यंत आले. खालच्या किराणा दुकानाच्या मालकाने गल्ल्यावरूनच विचारलं, “क्या चचा, तुम नै जा रे?”

“नै मियाँ,” वडील हसून म्हणाले, “तीनिच सीटां हैं.”

तिकडून तीन वर्षं मी दर रविवारी फोन करायचो आणि पुढच्या वर्षी कायमचे परत येऊ म्हणायचो. ते “बरं” म्हणायचे. मुलगी आता जर्मनमध्ये मोजते. आजोबांनी एकोणसाठ विचारलं की ती माझ्याकडे बघते, आणि ते विषय बदलतात.

गेल्या महिन्यात ते न्हाणीघरात पडले. दारातली दुधाची पिशवी दुपारपर्यंत तशीच दिसली म्हणून दुकानदाराची बायको वर गेली. नवरा-बायकोने त्यांना दवाखान्यात नेलं. मला तिसऱ्या दिवशी कळलं. मी एकटाच आलो. त्यांच्यासाठी वृद्धाश्रम बघायचा, असा विचार मी विमानात केला होता आणि ते त्यांना कसं सांगायचं याची वाक्यंही जुळवली होती. त्या वाक्यांची गरज पडली नाही. त्यांनी जागा आधीच पाहून ठेवली होती.

काल आम्ही तिथे गेलो. फॉर्म त्यांनी स्वतःच भरला, पार्सलवर पत्ता लिहावा तसा, एकेक अक्षर सुटं. तातडीच्या वेळी कुणाला कळवायचं, या रकान्यात त्यांनी दुकानदाराचं नाव लिहिलं, त्याखाली त्याच्या बायकोचं.

काउंटरवरच्या बाईने फॉर्म वाचला, माझ्याकडे पाहिलं. “बेटे का नंबर, चचा?”

“नक्को. उनकू बहुत दूर से आना पडता.”

मग माझ्याकडे वळून ते हळू आवाजात म्हणाले, “रागावू नकोस. दोनच ओळी आहेत.”

दोन ओळींखाली बोटभर कोरी जागा होती. माझं नाव तिथे मावलं असतं. मी मागितलं नाही. त्यांनी पेनला टोपण लावलं आणि फॉर्म बाईकडे सरकवला.