शनिवारचं पाणी

अहेरीतल्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत बायकांची प्रार्थनासभा दर बुधवारी भरते, दर वेळी वेगळ्या घरी. जिच्या घरी सभा, तिने सोमवारी संध्याकाळी जाऊन वचन सांगणाऱ्या बाईला आमंत्रण द्यायचं. वचन सांगणं म्हणजे पवित्र शास्त्रातला एक उतारा वाचायचा आणि तो आपल्या चुलीपाशी, शेतात, नवऱ्याशी बोलताना कसा लागू पडतो ते सांगायचं. अकरा वर्षं ते आमंत्रण माझ्याकडेच यायचं. सोमवारी पाच वाजले की मी चहाच्या आधणात एक कप पाणी जास्त घालत असे. कोण येणार ते माहीत नसायचं. कोणाकडे येणार ते माहीत असायचं.

मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. थाटामाटाची मला पहिल्यापासून चीड. चाळीस माणसांच्या उपासनेला दोन भोंगे लावणारे, मे महिन्यात कोट घालून घाम पुसत नम्रतेवर बोलणारे, शाल घेताना ‘याची काय गरज होती’ म्हणत खांदा पुढे करणारे पाहुणे उपदेशक, यांच्यावर मी पुष्कळ तोंडसुख घेतलं आहे. माझं आपलं साधं होतं. तीन रंगांच्या शायांनी काढलेली टिपणं, जाडजूड शब्दसूची, जुन्या यहूदी देशाचा घडीचा नकाशा आणि चष्म्याला साखळी. यालाही थाट म्हणतात हे मला कोणी सांगितलं नाही. सांगणार कोण? सगळ्या ऐकायला बसलेल्या.

मग ती आली. भामरागडकडच्या एका गावातली, घरी गोंडी बोलणारी, इथे मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागलेली. बाप्तिस्मा घेऊन तिला तीनचार वर्षं झाली होती. वाचायची ते बोट ठेवून, एकेक अक्षर लावत. सभेत दाराजवळ बसायची आणि शेवटी भांडी उचलायला सगळ्यांच्या आधी उठायची. वर्षभर तिचा आवाज मी फक्त ‘आमेन’मध्ये ऐकला होता, तोही अर्धा.

धानाच्या रोवणीचे, भातलावणीचे दिवस होते. त्या बुधवारी मी द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला घेतला होता. मालक सकाळपासून संध्याकाळपर्यंत मजूर आणत राहतो आणि शेवटी तासभर राबलेल्यालाही दिवसभर राबलेल्याइतकीच मजुरी देतो, तो. मी रोमी नाण्याचं वजन सांगितलं, त्या काळचे प्रहर सांगितले, देवाची कृपा आणि माणसाचा हक्क यांतला भेद दोन शायांत मांडला. सगळ्यांनी माना डोलावल्या, काहींनी पेंगत. घरधनीण सवयीने म्हणाली, “कोणाले काई बोलाचं आहे का?” आणि दाराजवळून आवाज आला.

“मी बोलू का जी?”

ती माझ्याकडे बघत होती. मी मान हलवली.

“आमच्याकडे रोवणीले मालक येते सकाळी, चौकात. तगड्या बाया निवडून नेते. मंग कोण उरते? म्हातारी उरते. लेकुरवाळी उरते. पायानं अधू असन ते उरते. ते काई उशिरा नाई येत जी. ते सकाळपासून तिथीच उभी रायते. तिले उशिरा नेते. तिच्या घरी बी तेवढेच तोंड असते न खावाले. दाखल्यातल्या मालकाले समजलं ते.”

पेंगणाऱ्या जाग्या झाल्या. कोणीतरी पदराने डोळे पुसले. मी त्या उताऱ्यावर तीन जाड ग्रंथ वाचले आहेत. उशिरा आलेले नव्हेत, उशिरा नेलेले, ही गोष्ट कुठेच नव्हती. ती मूळ उताऱ्यातच होती. त्यांना कोणी कामाला लावलं नाही असं ते मजूर स्वतः सांगतात, आणि ते वाक्य मी निळ्या शाईने अधोरेखित करून पुढे गेले होते.

“छान सांगितलंत,” मी म्हणाले. आणि पोटात काहीतरी लागलं, हिरवी मिरची पाण्यावाचून खाल्ल्यासारखं.

दोन आठवड्यांनी सोमवारी कोणी आलं नाही. आधण आटलं. साडेसहाला मी फाटकाशी गेले, रिकामा रस्ता बघून आले. नवरा आलापल्लीच्या लाकूड डेपोत हयात घालवलेला माणूस, सागाची गोलाई डोळ्यांनी मापतो. तो म्हणाला, “दुसऱ्या फाटकात गेलं असेल आमंत्रण.” गेलंच होतं. वसतिगृहाच्या.

मत्सराबद्दल मी सभेत किमान आठ वेळा बोलले असेन. तो हाडं कुजवतो असं शास्त्र सांगतं, तेही समजावलं असेल. पण तो नेमका कसा असतो ते मला साठी उलटल्यावर कळलं. मोठा काही नसतो, बारीकसारीक असतो. ती एका संदेष्ट्याचं नाव चुकली की मी हळूच, ऐकू जाईल इतक्याच हळू, दुरुस्त करायची. ती बोलायला लागली की माझा खोकला उठायचा. बायका म्हणत, “कसं पोटात जाते न तिचं बोलणं,” आणि मी म्हणे, “हो, साध्या माणसाची साधी श्रद्धा.” साधी या शब्दाला इतकी धार असते हे कोशकारांनाही ठाऊक नसावं. ती मात्र दर वेळी बोलताना माझ्याकडेच बघायची. मला वाटायचं, खिजवते आहे.

आमच्या मंडळीत एक रीत आहे, दुसरीकडे कुठे मी पाहिली नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकर आणि प्याला घ्यायचा. त्याच्या आदल्या शनिवारी, ज्याच्याशी आपलं बिनसलं असेल त्याच्या घरी जायचं आणि पाणी प्यायचं. बस. भांडण उगाळायचं नाही, माफी मागायची नाही, कोण बरोबर ते ठरवायचं नाही. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर, या शिकवणुकीवरून एका जुन्या पाळकांनी ही रीत घातली. बोलू दिलं तर अहेरीची माणसं समेटाच्या निमित्तानं नवं भांडण काढतात, हे त्यांनी ओळखलं असावं. शनिवारी कोण कोणाच्या घरात शिरतं यावर सगळ्या गल्लीचं लक्ष असतं, ते वेगळं.

अकरा वर्षांत मी एकदाच कोणाकडे गेले होते, कोंबड्यांवरून. रोवणी उलटल्यावरच्या अशाच एका शनिवारी चप्पल घातली तेव्हा नवऱ्याने विचारलं, “पाणी काय आपल्या घरचं संपलं?”

वसतिगृहाच्या मागच्या खोलीत ती तांदूळ निवडत बसली होती. मला बघून गडबडीने उठली.

“या जी बाई, बसा. काई काम होतं का?”

“पाणी प्यायला आले.”

तिने गडवा भरून दिला. मग तिच्या ध्यानात आलं. “आज शनिवार होय न?” ती माझ्याकडे बघत राहिली. “आपलं काई बिनसलं का जी?”

तिला माहीतच नव्हतं. दोन महिने मी एकटीच भांडत होते.

तिथेच पाणी पिऊन उठायचं होतं. रीत तेवढीच होती. पण मी शिक्षिका. प्रश्न विचारला आणि उत्तराची जागा कोरी सोडली, हे मला जमत नाही. शिवाय कबुली द्यायचीच तर ती पूर्ण, मुद्देसूद द्यावी असं वाटलं.

“माझ्या मनात तुमच्याबद्दल मत्सर आहे,” मी म्हणाले. “तुम्ही वचन सांगता, बायका तुम्हाला बोलावतात, ते मला बघवत नाही. जळतं.”

“कधीपासून?”

“रोवणीचं सांगितलंत तेव्हापासून.”

“त्याले तं दोन महिने झाले न बाप्पा.” ती खाली बसली. “त्या दिवशी तुमी छान म्हटलं होतं. ते लबाडी होती?”

“ते खरं होतं. म्हणूनच तर जळतं.”

तिने सुपातले तांदूळ उगाच एकदा हलवले. “मले तं वाटे, तुमाले बरं वाटून राह्यलं. मी तुमच्याकडे पाहून पाहून सांगो जी. तुमी मान हालवली का समजो, बरोबर आहे. नाई हालवली का समजो, चुकली मी.”

मी उरलेलं पाणी प्यायले आणि निघाले. रस्त्याने इतकं हलकं वाटत होतं की खरं तर तिथेच संशय यायला हवा होता. ओझं मी उतरवलं होतं हे खरं. कोणाच्या डोक्यावर, ते पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी भाकर आणि प्याला घेताना मी बहुधा फार नम्र दिसत असेन.

सोमवारी पाच वाजता फाटक वाजलं. बुधवारची घरधनीण उभी होती.

“बाई, तुमीच या आता सांगाले. तिनं नाई म्हटलं. मले काई समजत नाई म्हणे, बाईले न्या म्हणे.”

“का म्हणाली असेल?” मी विचारलं. मला कारण माहीत होतं.

“कोण जाणे. डोकं दुखत असन.” तिने चहा घेतला. आधण बरोबर दोन कपांचं होतं.

मत्सर करून जे मला दोन महिन्यांत जमलं नव्हतं, ते पश्चात्ताप करून दोन दिवसांत जमलं. आणि हे लिहिणं भाग आहे, की त्या बुधवारी मला आनंद झाला. नकाशा मी पूर्ण उलगडून लावला. ती दाराजवळ बसली होती, जमिनीकडे बघत. मी बोलले, पाऊण तास. कोणी डोळे पुसले नाहीत. शेवटी घरधनिणीने विचारलं, “कोणाले काई बोलाचं आहे का?” दाराजवळ कोणी हललं नाही. सभा संपल्यावर दाराजवळून उठून तिने पोह्याच्या बशा वाटल्या, मलाही दिली, वर लिंबाची फोड ठेवून.

पुढच्या बुधवारी तेच. त्याच्या पुढच्या बुधवारीही. आनंद तिसऱ्यापर्यंत टिकला नाही. माझी खुर्ची मला परत मिळाली होती, पण समोरच्या बाया माझ्याकडे बघतच नव्हत्या. अधूनमधून दाराकडे बघत होत्या. आणि मत्सर गेला नव्हता. गप्प बसलेल्या बाईचा मत्सर बोलणाऱ्या बाईच्या मत्सरापेक्षा वाईट. बोलणारीची निदान चूक तरी काढता येते.

पुढच्या महिन्याचा शनिवार आला. दुपारी दार वाजलं. नवऱ्याने उघडलं आणि आत येऊन म्हणाला, “तुझ्याकडे कोणी पाणी प्यायला आलंय. आता कोणाचं बिनसलं?”

ती खुर्चीच्या कडेवर बसली. डोक्यावर पदर, पाय जवळ. मी पेला दिला आणि बोलायला लागले, “त्या दिवशी मी जे बोलले ते...”

“रीत पाणी पेवाची आहे जी,” ती म्हणाली. “बोलाची नाई.”

तिने पाणी सावकाश संपवलं. पेला माझ्याकडे धरला.

“अजून द्या. एकात नाई जात.”

मी दुसरा भरून आणला. तोही तिने शेवटच्या थेंबापर्यंत संपवला, पेला उपडा ठेवला आणि गेली. त्या दोन पेल्यांएवढं कोणी मला आजवर सुनावलेलं नाही.

त्यानंतरच्या बुधवारी सभेची पाळी माझ्या घरची होती. म्हणजे सोमवारी आमंत्रण घेऊन मला कोणाच्या तरी दारी जायचं होतं. अकरा वर्षांत माझी पाळी आली की मी स्वतःच सांगत असे, स्वतःला आमंत्रण द्यायला कुठे जावं लागत नाही. या वेळी भर उजेडात, पाणी भरणाऱ्या बाया बघत असताना वसतिगृहाकडे गेले. ती चुलीवरच्या भल्यामोठ्या गंजात वरण ढवळत होती.

“बुधवारी आमच्याकडे सभा आहे. वचन तुम्ही सांगायचं.”

“अन् तुमी?”

“मी वाचून देईन.”

“जळसान मंग.”

“जळेन.”

तिने पळी गंजाच्या काठावर आपटली. “मान हालवसान का?”

“बरोबर असेल तर.”

ती हसली, पहिल्यांदाच दात दिसले तिचे. “कोणता वाचसान?”

मी सांगितलं, दोन भावांचा. धाकटा सगळं उधळून घरी येतो, बाप जेवणावळ घालतो आणि मोठा रुसून अंगणात उभा राहतो, तो.

बुधवारी मी वाचलं. नकाशा कपाटात होता. हा दाखला मी दहाबारा वेळा शिकवला आहे, आणि दर वेळी मोठ्या भावाला चांगलं झोडपलं आहे. अशा हिशेबी, सोवळ्या माणसांची मला चीड. तिने माझ्याकडे बघितलं.

“मोठा भाऊ वावरातून आला जी. दिवसभर राबून आला. घरात बाजा वाजून राह्यला, जेवणं होऊन राह्यले, अन् त्याले कोणी बोलावणंच नाई धाडलं. चाकराले विचारा लागलं त्याले, का आपल्या घरी काय आहे म्हणून. रुसला ते चुकलंच त्याचं. पण बापाले बी समजलं असन न, का याले कोणी सांगतलंच नाई. म्हणून तं पंगत सोडून भायेर आला.”

खोलीत कोणी पेंगत नव्हतं. सगळ्या तिच्याकडे बघत होत्या आणि ती माझ्याकडे.

मी मान हलवली. बरोबर होतं. चाकराला विचारावं लागलं, हे तिथे छापलेलं आहे, आणि इतक्या वर्षांत मला ते दिसलं नव्हतं. मला का दिसलं नाही, म्हणून पोटात पुन्हा तीच मिरची लागली. पाण्याच्या पुढच्या शनिवारला अजून तीन आठवडे होते.