रतन रामटेकेंची ट्रायल

विश्रांतवाडीत आळंदी रस्त्यापासून जरा आत, एका पत्र्याच्या शेडमध्ये रतन रामटेके यांचं गॅरेज आहे. दुरुस्त झालेली प्रत्येक गाडी ते स्वतः चालवून बघतात आणि मगच मालकाला फोन करतात. याला ते ट्रायल म्हणतात. ट्रायलला निघताना रेडिओ बंद, एसी बंद, चारही काचा खाली. शेजारी कुणी बसलं तर त्यानं गप्प बसायचं.

माझं घर तिथून चालत दहा मिनिटांवर. माझ्या वडिलांची गाडी तिथे न्यायची कल्पना माझीच. बाबा पाटबंधारे खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. आई गेल्यापासून नारायण पेठेत एकटेच राहतात. दुसऱ्यानं केलेलं काम तपासल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. आवाज येतो म्हणून पहिल्यांदा गाडी रामटेक्यांकडे देताना त्यांनी मीटरवरचा किलोमीटरचा आकडा पेनानं तळहातावर लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी गाडी घ्यायला गेलो, तर आधी वाकून मीटर बघितला.

“अकरा किलोमीटर,” बाबा म्हणाले. “अहो, गाडी दुरुस्तीला दिली होती, सहलीला नव्हे.”

मला कुठे तोंड लपवू असं झालं. रामटेक्यांनी मात्र शांतपणे हात पुसले आणि बाबांना स्टूल दिलं.

“बसा काका, अकराच्या अकरा सांगतो. टिंगरेनगरच्या गतिरोधकांवरून दोनदा गेलो, कारण आवाज पहिल्यांदा आला नाही. मग धानोरीचा चढ, दुसऱ्या गिअरमध्ये. तिथेही काही नाही. परत येताना उजवीकडे हळू वळलो, तेव्हा बोलली. आत एक रबर फाटलं होतं. ते बदलून पुन्हा तेवढीच फेरी मारली. पुढच्या वेळी तुम्हीच शेजारी बसा.”

“बसेनच,” बाबा म्हणाले.

आणि खरंच बसायला लागले. त्यानंतर तीन वर्षं एकही ट्रायल त्यांनी सोडली नाही. दोघं काचा खाली करून, एक शब्द न बोलता धानोरीपर्यंत जायचे आणि आल्यावर चहा पीत अर्धा तास वाद घालायचे. एकदा मी विचारलं, कसे वाटले रामटेके? बाबा म्हणाले, “माणूस बरा आहे.” याहून मोठं प्रशस्तिपत्र त्यांनी माझ्या नवऱ्यालाही दिलेलं नाही.

गेल्या वर्षी जानेवारीत बाबांच्या गाडीची क्लच प्लेट जळाली. रामटेक्यांनी नवी बसवली. जूनमध्ये तीही जळाली.

“तुमच्या हाताला पूर्वीसारखं यश राहिलेलं नाही,” बाबांनी ऐकवलं.

रामटेक्यांनी वाद घातला नाही. पुन्हा प्लेट बदलली आणि त्या वेळी एकटेच पंचवीस किलोमीटर फिरून आले. गाडीत काडीचा दोष नव्हता. मग त्यांनी किल्ली बाबांच्या हातात दिली. “काका, आज तुम्ही चालवा. मी शेजारी बसतो.”

पुढचं मला बाबांनीच सांगितलं, पण बऱ्याच दिवसांनी.

दिघीच्या बाजूला जाऊन परत येताना रामटेक्यांनी एका झाडाखाली गाडी थांबवायला सांगितली.

“काका, तुमचा डावा पाय क्लचवरून उठतच नाही. म्हणून प्लेट जळते.”

“मुळीच नाही. पाय खाली आहे माझा.”

“आत्ताही पेडलवरच आहे.”

बाबांनी वाकून बघितलं. पाय पेडलवर होता.

“आणि ब्रेक मारायच्या आधी तुम्ही खाली बघता,” रामटेके म्हणाले. “येताना चार वेळा बघितलंत. एवढी वर्षं तुम्हाला गॅरेजात गाडी आणून लावताना बघतोय काका, पूर्वी तुम्ही खाली बघत नव्हतात. गाडी उत्तम आहे. पाय दाखवून घ्या.”

बाबांना वीस वर्षं साखरेचा आजार आहे. तळपाय सुन्न पडतात हे त्यांना ठाऊक होतं, पण ते त्यांनी आम्हालाच काय, स्वतःलाही सांगितलं नव्हतं. त्यांचा पारा चढला. “तुम्ही मेकॅनिक आहात. वैद्यकी कधीपासून सुरू केलीत?”

 रामटेक्यांनी मग एक जुनी गोष्ट सांगितली.

त्यांचे आजोबा भंडाऱ्याकडचे, छप्पन साली दीक्षा घेतलेले. वडील खडकीच्या कारखान्यात कामाला आले आणि इथलेच झाले. रतननं आयटीआय केलं आणि एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये लागला. आठ वर्षांत ट्रायल घ्यायचं काम त्याच्याकडे आलं. एका शनिवारी चाळीसेक गाड्या दारात होत्या. साहेब म्हणाले, सगळ्या फिरवत बसू नकोस, ट्रायल झाल्याच्या सह्या कर. त्यानं केल्या. त्यातल्या एका गाडीचं ब्रेकचं काम झालं होतं आणि लाइनमध्ये हवा राहिली होती. ती गाडी मंदाकिनीबाई नावाच्या संगीत शिक्षिकेची. वारज्याला घराजवळच्या उतारावर त्यांचा ब्रेक थेट तळाला गेला. गाडी भिंतीवर आदळली, उजवं मनगट मोडलं.

सेंटरनं हात वर केले. बाईंनीच चुकीचं पेडल दाबलं असणार, म्हणाले. रतन तिसऱ्या दिवशी वारज्याला त्यांच्या दारात उभा राहिला. “कागदावर सही माझी आहे. मी गाडी चालवली नव्हती.”

“हे लिहून द्याल?” बाईंनी विचारलं.

त्यानं तिथेच बसून लिहून दिलं. त्याच आठवड्यात नोकरी गेली. पुढे विश्रांतवाडीत शेड टाकली, तेव्हा पहिली गाडी आली ती मंदाकिनीबाईंची. आजही त्या सगळं शहर ओलांडून तिथेच येतात.

“तेव्हापासून, जे बघितलं नाही ते बघितलं म्हणत नाही,” रामटेके बाबांना म्हणाले. “आणि जे बघितलं ते गिळत नाही. गाडी तुमची आहे, किल्ली अडवायचा मला हक्क नाही. पण ट्रायल ठीक झाली असं आज माझ्या तोंडून येणार नाही.”

बाबा त्यांना गॅरेजपाशी सोडून नारायण पेठेत परतले. विसाच्या वेगानं आलो, असं नंतर मला म्हणाले. तेव्हा मात्र कुणाला काही सांगितलं नाही.

आठ-दहा दिवसांनी सकाळी ते दूध घेऊन जिना चढत होते. खालच्या मजल्यावरचे बजरंग समोरून आले. “काका, एक चप्पल कुठे गेली?”

बाबांनी खाली बघितलं. डावा पाय अनवाणी होता. चप्पल वाटेत कुठेतरी निसटली होती, तळव्यात काच घुसली होती, मागच्या पायऱ्यांवर रक्ताचे ठसे होते. आणि त्यांना काहीही जाणवलं नव्हतं.

त्यांनी फोन केला तो मला नाही, रामटेक्यांना केला. फक्त एवढंच म्हणाले, “तुमचं बरोबर होतं. येता का?”

रामटेके उघडलेलं इंजिन तसंच ठेवून आले. रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं, काच काढेपर्यंत तिथेच थांबले आणि मग स्वतःचा फोन बाबांच्या हातात देऊन म्हणाले, “आता ताईंना तुम्ही सांगा.”

जखम भरायला सहा आठवडे गेले. वेळेत आलात म्हणून पाय राहिला, असं डॉक्टरांनी सांगितलं.

मी मात्र रामटेक्यांवर चिडले होते. गॅरेजवर जाऊन विचारलंच. “तुम्हाला जूनमध्ये कळलं होतं. मी इथे दहा मिनिटांवर राहते. मला एक फोन करता आला नाही?”

त्यांनी मान खाली घातली. “रोज वाटत होतं करावा. पण ताई, गाडी काकांची, पायही काकांचा. त्यांना डावलून तुमच्याशी बोललो असतो, तर त्यांनी माझं पुढे कधीच ऐकलं नसतं. तरी चुकलं असेल. त्या आठ दिवसांत काही झालं असतं, तर काय तोंड दाखवलं असतं?”

 बाबांनी हाक मारली ती कुणाला, हे मला माहीत होतं.

बाबांनी गाडी विकायचं स्वतःच ठरवलं. घ्यायला आलेल्या अपेक्षा नावाच्या नर्सबाईंना रामटेक्यांनी धानोरीपर्यंत फिरवून आणलं आणि सहा महिन्यांत दोन क्लच प्लेट का गेल्या, तेही सांगून टाकलं. बाबा जवळच उभे होते. “तुम्ही गाडी विकताय की माझी अब्रू?” ते म्हणाले. बाई हसल्या, गाडी घेऊन गेल्या.

आता बाबा डॉक्टरांनी सांगितलेल्या मऊ तळाच्या सँडल घालून बसनं विश्रांतवाडीला येतात. माझ्याकडे जेवतात, पण त्याआधी तासभर गॅरेजवर बसतात.

माझी स्वतःची गाडीही तिथेच असते. मागच्या महिन्यात पुढच्या चाकाकडून कटकट आवाज येत होता, म्हणून नेऊन दिली. संध्याकाळी ऑफिसहून येताना घ्यायची होती. चारच्या सुमाराला रामटेक्यांचा फोन आला.

“ताई, गाडी आज देत नाही.”

“का हो? आवाज गेला नाही?”

“गेला ना. दुपारपासून तीनदा फिरवली, एकदाही आला नाही. पण का गेला, ते अजून कळलेलं नाही. अजून दोन दिवस द्या.”

मी दोन दिवस रिक्षानं ऑफिसला गेले.