लघुग्रहाचं बारसं

साखराआत्या कधी एका जागी बूड टेकून बसलेली मी पाहिली नाही. पायाला भिंगरी बांधूनच ती उदगीरजवळच्या गावात नांदायला गेली असावी. आम्हा सगळ्या भावंडांची नावं तिनेच ठेवली. आत्याचा मानच असतो तो. पण पुढच्या पिढीतही कुणाच्या घरी पाळणा हलला, की बाळंतीण धड उठून बसायच्या आत हिची भुणभुण सुरू, "बारसं कवा करायलाव?" या घाईचा मला मनापासून वैताग यायचा.

लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं त्या वर्षी मी विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकवत होतो. परदेशातल्या दुर्बिणीने थोड्या थोड्या वेळाने काढलेले आकाशाच्या एकाच तुकड्याचे फोटो आमच्याकडे यायचे. तारे जागचे हलत नाहीत. हललेला ठिपका दिसला तर तो लघुग्रह. तसा एक नवा ठिपका मला आणि माझ्या विद्यार्थ्यांना सापडला. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यातून सूर्याभोवती फिरणारा एक दगड.

सुट्टीत आत्याकडे गेलो तेव्हा ती टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभी होती. तिथेच तिला सांगितलं.

"मंग किशन, नाव काय ठिवलं त्येचं?"

"सध्या नुसते आकडे आणि अक्षरं. त्याची फिरायची वाट पक्की कळली, की शोधणाऱ्याला नाव सुचवता येतं. तू आत्या, तूच सुचव."

मी गमतीने म्हणालो होतो. तिने ते गमतीवारी नेलं नाही.

"वाट कवा कळंल?"

"काही वर्षं जातील. तो सूर्याच्या आड जातो, परत येतो. दर खेपेला गाठावा लागतो."

"अन् न्हाई गाठला तर?"

"तर हरवला."

तेव्हापासून फोनवर फोन. गावात बातमी पसरली. उदगीर जिल्हा व्हावा म्हणून झटणारे आप्पासाहेब तिच्याकडे आले आणि त्या दगडाला 'उदगीर' नाव द्या म्हणाले. आत्याने त्यांना वाटेला लावलं. "मी नांदायला आले तवा आमचा जिल्हा उस्मानाबाद हुता, मंग लातूर झाला. तुमचा आधी जमिनीवर होऊ द्या."

पुढच्या वर्षी ठिपका सूर्याआडून बाहेर यायला हवा होता. आम्ही फोटो पालथे घातले, तो सापडेना. फोनवर तिला तसं सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी बाई एसटीने विष्णुपुरीत हजर.

"आत्ताच्या आत्ता नाव ठिव त्येचं."

माझं डोकं फिरलं. "नियम आहे, आत्या. थोडं पुढं ढकललं तर काय आभाळ कोसळतं?"

ती दारातच थांबली. चेहरा पार उतरला.

"बहात्तरच्या दुष्काळात मला लेक झाली," ती म्हणाली. "माझी नणंद हदगावकडं खडी फोडायच्या कामावर अडकलेली. आत्या येऊ द्या, मंग करू बारसं, म्हणले सगळे. थोडं पुढं ढकललं. तवर लेकरू गेलं. मी आई, नाव ठिवायचा मान माझा न्हाई. मनात हुतं, पर बोलले न्हाई. बिननावाची पुरली तिला."

आमच्या घरात हे कुणी कधी बोललं नव्हतं. मला रडू आवरेना. ती मात्र कोरड्या डोळ्यांनी माझ्याजवळ आली.

"कान कर इकडं."

मी वाकलो. ती कानात म्हणाली, "हौसा."

इतक्या पोरींची नावं तिने ठेवली होती, पण हे एक कुणालाच दिलं नव्हतं.

बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, तेव्हा बाकीच्या बायका तिच्या पाठीत बुक्के घालतात. घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी तिच्या पाठीवर हलकेच थाप मारली.

"जोरात मार," ती म्हणाली.

मी मारली. तिने पदर सारखा केला आणि माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं.

"आता हुडीक तिला. नावानं हाक मारून हुडीक."