दोन्ही डोळे लांबचे

ओल्या जाळ्याचा वास आला की मला सिद्धेश्वर धरणाचा काठ आठवतो. बाबा तिथं मासे धरायचे. त्यांचा जाड चष्मा दोनदा धरणात पडला, तेव्हापासून ते चष्मा घरीच ठेवून अंदाजानं होडी वल्हवायचे. म्हणून मी त्यांना नांदेडला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "लेसरनं लांबचं स्वच्छ दिसेल, पण आता चाळिशी उलटलीय, जवळच्या कामाला चष्मा लागेल. नाहीतर एक डोळा लांबसाठी करू, एक जवळसाठी ठेवू." मी गोंधळले. बाबा मात्र लगेच म्हणाले, "दोन्ही लांबचेच करा, साहेब. फाटलं जाळं मी घरी बसून सांधतो. घरात चष्मा पडला तर सापडतो, धरणात पडला तर न्हाई." पुढं ऑपरेशननंतरचं पथ्य संपवून ते पुन्हा पाण्यात उतरले, त्या दिवशी मी डबा घेऊन काठावर गेले. एरवी होडीतून त्यांचा आवाज यायचा, "कोन हाय गं?" त्या दिवशी ते पार मधूनच शेजारच्या होडीवाल्याला ओरडून सांगू लागले, "ती बघ, माझी लेक येऊन राहिली!" सगळा काठ माझ्याकडं वळून पाहू लागला, तशी मी मान ताठ करून तोऱ्यात चालू लागले. आज माझीही चाळिशी उलटलीय, पण चालते मी अजून त्याच तोऱ्यात.