तीन हात, एक वीत

भोरला आमच्या चुलीवरचं पत्र्याचं धुराडं गंजून गळून पडलं, तेव्हा नवं बसवायला वेल्ह्याकडचा एक पत्रेवाला आला. त्याचं नाव मी विचारलं नाही. विचारावं असा तो मला वाटलाच नाही. ठिगळाची कोपरी, कानावर विझलेली विडी, आणि मोजायला साधा गजही नाही.

आईच्या सोवळ्यामुळे त्याला आत मज्जाव होता. मी आतून माझ्या हातानं मोजून ओरडलो, "खिडकीपासून तीन हात, एक वीत." त्यानं बाहेरून स्वतःच्या हातानं तेवढंच मोजलं आणि भिंतीला भोक पाडलं. आत भोक दिसलं तिथं धुराडं मीच टांगलं. चूल पेटवली, तर सगळा धूर घरात. धुराडं चुलीवर नव्हतंच, शेजारच्या हंड्यावर होतं.

"साधं माप कळत नाही तुला?" मी खिडकीतून खेकसलो.

त्यानं शांतपणे आपला हात बाहेरून खिडकीच्या गजांजवळ धरला, माझ्या हाताला न शिवता. कचेरीत लेखणी धरणाऱ्या माझ्या हाताहून तो चांगला चार बोटं लांब होता.

"तुमचा हात म्या कुठं पाह्यला, रावसाब? नुसता ऐकला. आत येऊ दिलं असतं तर चूलच बगितली असती. आता येऊ का?"

आईनं नकारार्थी मान हलवली. मी त्याला हाकलून दिलं.

त्या गाढवानं काम बिघडवलं, असं मी अजूनही पाहुण्यांना सांगतो. तेव्हा बायको धुरानं लाल झालेले डोळे पुसते आणि माझ्या हाताकडे बघत राहते.