आक्का आणि कंसातली नावं

"दोन म्हणजे दोनच आत्या. तिसरी नव्हती, नाय, अन् व्हायची बी नाय." आबा द्राक्षांच्या शेडमधून ओरडत होते. आबा म्हणजे आम्हा चुलतभावंडांत सगळ्यात थोरले. वय ऐंशीच्या पुढे, पण आवाज असा की वणीजवळच्या आमच्या शिवारात त्यांनी हाक मारली तर सप्तशृंगी गडाच्या पायऱ्या चढणारा माणूस आपल्यालाच बोलावलं म्हणून मागे वळतो. मी मोटरसायकल स्टँडला न लावता तशीच धरून उभा होतो, पळायची वेळ आली तर स्टँड काढत बसायला नको. आणि माझ्या मागून उतरलेली आक्का, वय बहात्तर, गुडघ्याला पट्टा, खांद्याला कापडी पिशवी, एका रिकाम्या क्रेटवर बसली, वही उघडली आणि म्हणाली, "ओरडून झालं की सांगा. मला घाई नाही." आबांना वाटत होतं ती जमिनीत वाटा मागायला आली आहे. तिला हवं होतं एक नाव.

ती आक्का गेली त्याला आता पाच आठवडे होतील. सकाळी तिच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी सातपूरला, जिथे माझी तीस वर्षं शिफ्टमध्ये गेली त्या कारखान्याच्या गेटसमोरच्या टपरीवर, चार रिटायर मित्रांना एक गोष्ट रंगवून सांगत होतो. "मामा, आई गेली," एवढंच तो म्हणाला. मी चहा ठेवला आणि निघालो. माझी गोष्ट अर्धी राहिली आणि कुणी पुढचं विचारलं नाही, असं त्या टपरीवर पहिल्यांदाच घडलं.

आक्काचं नाव सुमन. माझी चुलतबहीण, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. त्या काळी ट्रंक कॉल लागत नसे तेव्हा आक्का खिडकी उघडून थेट ओझरशी बोलायची, असं मी आजवर किमान दोनशे लोकांना सांगितलंय. आक्का म्हणायची, "बाळ्याच्या बोलण्यातून निम्मं वजा करा, उरलेल्याची चौकशी करा." ती स्वतः मात्र पावशेर म्हणजे पावशेर अशी. नंबर चुकीचा जोडला तर रात्रीचं जेवण जात नाही, अशा जातीची बाई.

हे सगळं सुरू झालं ते भाऊबंदांच्या एका मेळाव्यात. कुणीतरी हौसेनं घराण्याची वंशावळ फ्लेक्सवर छापून आणली होती. मोठा वड, सात पिढ्या, फांद्या, पारंब्या, आणि पानापानावर पुरुष. माझं पान जरा वाळक्या फांदीवर होतं, ते सोडा. सगळे आपापल्या पानाशेजारी उभे राहून फोटो काढत होते. आक्कानं चष्मा पुसला, सबंध झाड वरपासून खालपर्यंत वाचलं आणि मला म्हणाली, "बाळ्या, आपल्याकडे पुरुष कलम करून लावत होते का रे? आई नाही, बहीण नाही, मुलगी नाही." मी हसलो. ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं ड्रॉइंगचे चार कागद एकाला एक चिकटवून पलंगावर पसरले आणि नवी वंशावळ छापायची म्हणून बायकांची नावं शोधायला सुरुवात केली.

खरं तर तिला त्यात एक बाई शोधायची होती. आम्हाला दोन आत्या, हे सगळ्यांना ठाऊक. दोघीही दिवाळीला यायच्या, वेण्या घालायच्या. पण आक्काला लहानपणची आणखी एक वेणी आठवायची. "या दोघींच्या हातची वेणी सैल. दुपारपर्यंत सुटायची. एक वेणी मात्र अशी घट्ट असायची की भुवया वर ओढल्या जायच्या. ती घालणारी कोण?" तिनं आईला विचारलं होतं, काकांना विचारलं होतं. सगळ्यांचं एकच, तुला भास होतो. साठ वर्षं तिनं ते ऐकून घेतलं. आता विचारण्यासारखे फक्त आबा उरले होते, आणि आबा काय म्हणाले ते वर आलंच आहे.

मग आमची भ्रमंती. पेट्रोल माझं, हट्ट तिचा. गावोगाव जायचं, म्हातारी माणसं गाठायची, कुणाच्या किती बहिणी, कुठे दिल्या, नावं काय... मुलींची नावं विचारली की घरात सगळ्यांना कामं आठवायची. आजीबाई सांगू लागल्या की मुलगा आतून येऊन म्हणायचा, "कशाला पाहिजे हो? वारस लावायचेत का?" एकीकडे तर आमच्यामागे कुत्रं सोडलं. वाघाएवढं होतं. (आक्का म्हणायची, पिल्लू होतं.) मी एकदा त्या कागदावर, खापरपणजोबांच्या नावाखाली, 'यांनी गडावर वाघ मारला' असं बारीक अक्षरात लिहून ठेवलं. घराण्याला जरा शोभा. आक्कानं ते खोडून काढलं आणि महिनाभर मला कागदाला हात लावू दिला नाही.

रामकुंडावर आमच्या क्षेत्रोपाध्यायांकडेही गेलो. त्यांनी लाल कापडातली बही काढली, पानं उलटली, आणि आजोबांची, पणजोबांची नावं, भाऊ, पुतणे, सगळं धडाधड वाचून दाखवलं. "मुली?" आक्कानं विचारलं. गुरुजी म्हणाले, "ताई, मुलगी सासरच्या उपाध्यायांकडे. तुमच्याकडची ती नव्हेच." आक्का दक्षिणा देऊन उठली आणि पायऱ्या चढता चढता म्हणाली, "सासरचं नाव ठाऊक असतं तर इथे कशाला आले असते?"

वाट दाखवली ती तिच्या शेजारी राहणाऱ्या एका रिटायर तलाठ्यांनी. ते गॅलरीत झाडांना पाणी घालता घालता सहज म्हणाले, "सुमनताई, जुन्या बायकांची नावं कागदावर एकाच ठिकाणी सापडतात. जिथे त्यांनी हक्क सोडला तिथे." म्हणजे असं, की बाप वारला की वारस म्हणून मुलींची नावंही लागतात. मग भाऊ त्यांना माहेरी बोलावतात, गोडधोड करतात, साडी नेसवतात आणि हक्कसोडीच्या कागदावर अंगठा घेतात. त्यानंतर सातबारा उताऱ्यावरचं त्यांचं नाव खोडत नाहीत. त्याला कंस घालतात. नाव वाचता येतं, पण मोजायचं नाही.

तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज, चकरा, पुन्हा अर्ज. आक्का तिथे इतकी गेली की शिपाई तिला कर्मचारी समजून रजेचे अर्ज देऊ लागला होता. शेवटी आजोबांच्या जमिनीचे जुने कागद हाती आले. चार मुलगे आणि खाली तीन मुली. पहिल्या दोघींना कंस. तिसरी, चंद्रभागा, राहणार सटाण्याकडचं एक खेडं. तिला कंस नव्हता. आम्ही तिथल्या तिथे मोबाईलवर आजचा उतारा काढला. आबा आज जी बाग कसतात त्या गटावर, इतर हक्कांच्या रकान्यात, अजून चंद्रभागा. आबा का ओरडतात ते मला तेव्हा कळलं. त्या एका नावामुळे त्यांच्या मुलांची वाटणी अडली होती.

मी उड्या मारायच्या बेतात होतो. पण आक्का पुढची पानं उलटत होती आणि एका पानावर थांबली. तिच्या वडिलांच्या, म्हणजे माझ्या काकांच्या, हिश्श्याची नोंद. त्यांच्या पश्चात दोन मुलगे, एक मुलगी. कंसात, सुमन. खाली अंगठा नव्हता, तिची टपोरी सही होती. तिनं त्या सहीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मोरपंखी साडी दिली होती रे. पुरणपोळी होती. मी वाचलंसुद्धा नव्हतं..." दिवसभर लोकांचे नंबर दोनदा तपासून जोडणारी बाई. त्या दिवशी परत येताना गाडीवर मी काही वाढवून सांगितलं नाही.

आबांना आम्ही कागद दाखवला. आबांनी तो लांब धरून वाचला. या वेळी ओरडले नाहीत, व्यवहाराचं बोलले. "छाप. खुशाल छाप तिचं नाव. पण तिच्या मागं जे कोन असंल त्याची हक्कसोडीवर सही आन आधी." आक्का म्हणाली, "आबा, मी नावं गोळा करते. सह्या गोळा करायचं काम तुमचं."

तोवर तिचं पोटातलं दुखणं उघडकीला आलं होतं. डॉक्टरांनी दुचाकीवर बसायची मनाई केली. ती म्हणाली, "बसू नको म्हणालेत, जाऊ नको नाही म्हणाले," आणि उशी घेऊन मागच्या सीटवर बसली. सटाण्यापर्यंत दहा ठिकाणी थांबलो. मी तेरा सांगतो. त्या खेड्यात विचारत विचारत एका कांदे साठवायच्या चाळीपाशी पोहोचलो. तिथे पासष्टी ओलांडलेली एक बाई कांदे निवडत होती. कुसुमताई. चंद्रभागेची एकुलती मुलगी. आई जाऊन वीस वर्षं झाली होती. "आई लवकर विधवा झाली," तिनं अहिराणी वळणानं सांगितलं. "भावांकडे जमिनीचा एक तुकडा मागे. कसून खाईन म्हणे. ते नाहीच म्हणाले. मंग अंगठा मागायला लागले तर तिनी हात पदरात गुंडाळून घेतले अन् बसून राहिली. तठून माहेर बंद." एवढं सांगून ती पुन्हा कांदे निवडू लागली.

आक्का उठली, तिच्यापुढे पाठ करून बसली आणि म्हणाली, "माझी वेणी घालशील?" कुसुमताई गोंधळली, मग हात पुसले आणि आक्काचे उरलेसुरले पांढरे केस हातात घेतले. मी समोर उभा होतो. आक्काच्या भुवया वर गेलेल्या मी पाहिल्या. तिनं डोळे मिटले आणि तसेच मिटून ठेवले... मग पिशवीतून कागद काढला, कांद्याच्या ढिगाशेजारी पसरला, आजोबांच्या खाली चंद्रभागा लिहिलं, चंद्रभागेच्या खाली कुसुम. कंस म्हणजे काय, तेही तिला समजावून सांगितलं. स्वतःचं उदाहरण देऊन.

त्यानंतर दोनच महिने. दवाखान्यात ती मला एवढंच बजावत होती, "छापायला टाक. कुणाची परवानगी लागत नाही. आणि वाघ घालू नकोस." तो कागद आता माझ्याकडे आहे. पसरला की आमचा पलंग पुरत नाही, एक टोक जमिनीवर येतं. त्यात बायका पुरुषांपेक्षा सात जास्त आहेत. मी तीनदा मोजल्यात. सुमन या नावाला तिनं कंस घातलेला नाही.

दशक्रियेला सगळे गंगेवर, रामकुंडापाशी, जमलो होतो. कुसुमताईला मीच फोन केला होता. ती दोन बस बदलून आली, एका बाजूला उभी राहिली. आबाही आले होते. त्यांच्या खिशातून घडी घातलेला कागद डोकावत होता आणि तो हक्कसोडीचाच, असं मी धरून चाललो. विधी आटोपल्यावर आबा काठी टेकत तिच्याजवळ गेले. आम्ही सगळे कान टवकारून. आता मी सांगतो त्यातून निम्मं वजा करू नका. आबा हळू आवाजात बोलले. "तुमच्या आईचं नाव आजून हाय उताऱ्यावर. पोरांची वाटणी अडलीय. काढून टाकायचं का?"

कुसुमताईनं पदर नीट केला. विचारलं, "त्याले कंस शे का?"

"नाय," आबा म्हणाले.

"मंग ऱ्हाऊ द्या."